एअरपोर्ट पिकअपचे दोनदा पैसे भरले, तुम्ही भरू नका

आधीच सांगतो, रक्कम फार मोठी नाही. ३४०० रुपये पाण्यात गेले. पण हेच तर आहे, एवढ्याशा पैशासाठी कोणी पोलिसात जात नाही, बायकोलाही नीट सांगत नाही, आणि ज्याने मला गंडवलं तो अशाच ३४००-३४०० वर मस्त चालवतोय. म्हणून सविस्तर लिहितोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

झालं असं की आई-बाबा तीन महिने ताईकडे दुबईला होते आणि दिवाळीनंतर परत येणार होते. ओझरला, म्हणजे आमच्या नाशिकच्या विमानतळावर, दुबईचं विमान उतरत नाही, त्यामुळे मुंबई, टर्मिनल २, आणि वेळ रात्री १ वाजून १० मिनिटं. नाशिकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, इकडून कोणी परदेशातून येणार म्हटलं की विमानाच्या तिकिटाइतकीच चर्चा गाडीची होते. आमचे नेहमीचे एक गाडीवाले काका आहेत, नाशिकच्या द्वारका चौकात उभे असतात, टोल-पार्किंग धरून ४५०० घेतात आणि एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण नेमका त्याच दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा. स्वतः जावं तर माझी गाडी छोटी, बॅगा चार, आणि खरं सांगायचं तर रात्री तीनला कंटेनरच्या मधून १७० किलोमीटर चालवायची माझी हिंमत नाही.

मग काय, मोबाईल काढला आणि नाशिक मुंबई एअरपोर्ट टॅक्सी असं सर्च केलं. मॅपवर पहिल्या दोन-तीनात एक ट्रॅव्हल्स दिसली, ४.९ रेटिंग, पत्ता द्वारका परिसरातला, इनोव्हाचे चकाचक फोटो. फोन लावला. माणूस इतका गोड बोलला की विचारू नका, "दादा, आई-बाबा म्हणजे आपलेच आई-बाबा, ड्रायव्हर हातात नावाची पाटी घेऊन उभा राहील, व्हीलचेअर लागली तर सांगा." अर्टिगा, टोल-पार्किंग सगळं धरून ३८००, आणि पूर्ण पेमेंट आधी केलं तर ३४००. मी म्हटलं अर्धे आता अर्धे नंतर, तर म्हणाला चालेल की, पण मग डिस्काउंट नाही. इथेच माझ्यातला नाशिककर जागा झाला आणि ४०० वाचवायला मी ३४०० पाठवले.

पाठवताना यूपीआयवर नाव आलं ते ट्रॅव्हल्सचं नव्हतंच, कुठल्या तरी माणसाचं होतं. विचारलं, तर म्हणे अकाउंटंटचं आहे, जीएसटीचा थोडा प्रॉब्लेम चालूय. मी मान डोलावली. आता लिहिताना स्वतःचाच राग येतोय पण तेव्हा खरंच पटलं होतं.

गाडीचा नंबर मागितला तर संध्याकाळी देतो. संध्याकाळी म्हणे रात्री ड्रायव्हर निघाला की देतो. रात्री दहाला मेसेज आला, एमएच १५ चा एक नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल. मी निर्धास्त झालो, ड्रायव्हरला एक कॉलही केला, "निघालात का?" तो म्हणाला हो साहेब, टाइमवर पोचतो. फोन ठेवला. या फोनबद्दल पुढे बोलतो, कारण सगळी गोम त्यातच आहे.

विमान वेळेवर उतरलं. बाबांच्या सिमचं रिचार्ज तीन महिन्यांत संपलेलं, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही, त्यामुळे त्यांचा फोन म्हणजे नुसता डबा. सव्वादोनला एका अनोळखी नंबरवरून बाबा, शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून घेतलेला. "पाटीवाला कोणी दिसत नाही रे." मी ड्रायव्हरला फोन लावला तर तो म्हणतो साहेब मी वर डिपार्चरला आहे, त्यांना वर पाठवा, खाली पार्किंगमध्ये आलो तर पार्किंगचा चार्ज कोण देणार. अहो पण पार्किंग धरून ठरलंय! "मला काही माहिती नाही साहेब, मला पार्टीने सांगितलं पार्किंग वेगळं." पहिली पाल चुकचुकली ती तेव्हा.

आता ज्यांनी टी-टू पाहिलंय त्यांना कळेल, अरायव्हल खाली, डिपार्चर पार वर, मधे लिफ्ट, आणि सत्तरीतली दोन माणसं दोन ट्रॉल्या ढकलतायत, त्यातल्या एका ट्रॉलीचं चाक वाकडं. वर गेले तर अर्टिगा नाहीच. डिझायर. एमएच १५ पण नाही, एमएच ०४, म्हणजे ठाणे पासिंग. त्यात सीएनजी, म्हणजे डिकीत अर्धी जागा टाकीने खाल्लेली. दोन बॅगा डिकीत, एक पुढच्या सीटवर, एक आईच्या आणि बाबांच्या मधे, आणि खजुराचा खोका आईच्या मांडीवर. बाबा एसटीतून रिटायर झालेत, गाडी बघितल्या बघितल्या त्यांच्या लक्षात आलं होतं की पाटी पांढरी आहे, पिवळी नाही, म्हणजे टॅक्सी परमिट नसलेली खासगी गाडी. पण म्हणाले रात्री पावणेतीनला मागून हॉर्न वाजतायत, शिट्टीवाला गाडी काढा म्हणतोय, तिथे कोणाला परमिट विचारू? बरोबरच आहे. पण खासगी गाडी भाड्याने चालवली आणि रस्त्यात काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, हे डोक्यात ठेवा.

पावणेचारच्या सुमारास मला ड्रायव्हरचाच फोन. गाडी भिवंडीच्या पुढे वडप्याजवळ एका चहाच्या टपरीवर उभी. "साहेब, भाड्याचं बघा. चार हजार आणि टोल. समृद्धीने जायचं असेल तर तो टोल पण वेगळा." म्हटलं भाऊ, मी ३४०० कालच दिलेत, पूर्ण. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "साहेब, मला तर सांगितलंय कस्टमर गाडीत कॅश देणार."

मी एजंटला, म्हणजे ज्या गोड बोलणाऱ्याने बुकिंग घेतलं त्याला, फोन लावला, स्विच ऑफ. परत लावला. परत. बाबांच्या खिशात सातशे रुपये आणि काही दिरहम. आई मागून म्हणतेय जाऊ दे रे, दे त्याला, झोप आलीये. ड्रायव्हर आवाज चढवत नव्हता हे कबूल करतो, पण गाडीही हलवत नव्हता. तुम्ही घरात सोफ्यावर बसलेले असता आणि आई-बाप रात्री हायवेवर परक्याच्या गाडीत, तिथे तत्त्व-बित्त्व काही सुचत नाही. घासाघीस करून ३८०० वर आलो, टोल त्याच्याकडे, समृद्धी नको, जुन्या रस्त्याने कसारा घाटातून. जूनमध्ये, २०२५ ला, इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, आता घाट नको म्हणून. आणि आई-बाबा आले ते शेवटी घाटातूनच. मी तिथल्या तिथे ३८०० ड्रायव्हरला पाठवले. सातच्या सुमारास इंदिरानगरला घरी पोचले. हिशोब करा, ४५०० च्या प्रवासाला ७२००, ते पण मांडीवर खोका घेऊन.

मला वाटत होतं ड्रायव्हर आणि एजंट मिळालेले आहेत. तसं नव्हतं. ड्रायव्हर सकाळी दारात चहा प्यायला थांबला (आईने दिला, आमची आई कोणालाही चहा देते) आणि त्याने स्वतःहून मोबाईल दाखवला. त्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर ड्यूटीचे, म्हणजे भाडी वाटायचे, ग्रुप असतात. एजंटने त्यात टाकलं होतं, टी-टू ते नाशिक ड्रॉप, ४००० कस्टमर कॅश, टोल पार्किंग एक्स्ट्रा, कमिशन ६०० अ‍ॅडव्हान्स. म्हणजे या गरिबाने ड्यूटी मिळवायला एजंटला उलट ६०० पाठवले होते! एजंटकडे ना गाडी ना ऑफिस ना ड्रायव्हर. माझ्याकडून ३४००, त्याच्याकडून ६००, आणि रात्री दोनला फोन बंद करून हा घरात झोपला. भांडण आम्ही दोघं करतोय. गाडी तर खरंच आली, माणसं तर खरंच पोचली, त्यामुळे तक्रार केली तरी समोरचा पहिलं हेच विचारतो की मग फसवलं कुठे?

मला जो एमएच १५ चा नंबर दिला होता तो मी नंतर एमपरिवहन या गाडीची माहिती दाखवणाऱ्या सरकारी अ‍ॅपवर टाकून पाहिला. ट्रॅक्टर निघाला.

आता त्या रात्री दहाच्या फोनबद्दल. मी ड्रायव्हरला विचारलं निघालात का. एवढंच. त्याऐवजी जर विचारलं असतं की दादा तुम्हाला पैसे कोण देणार आहे आणि किती, गाडी कुठली, नंबर काय, तर तिथेच दहाला सगळा प्रकार उघडा पडला असता आणि माझ्या हातात तीन तास होते, काकांच्या ओळखीचा दुसरा कोणी मिळाला असता, नाहीतर सरळ एअरपोर्टच्या आतल्या प्रीपेड काउंटरवर जा म्हणालो असतो. एजंट संध्याकाळपर्यंत, रात्रीपर्यंत नंबर लांबवतो तो यासाठीच, तुम्हाला ड्रायव्हरशी बोलायला वेळच राहू नये म्हणून. तेव्हा बाकी काही नाही केलंत तरी चालेल पण ड्रायव्हरशी स्वतः बोलून पैशाचं विचारल्याशिवाय मधल्या माणसाला पूर्ण रक्कम देऊ नका. खरा गाडीवाला डिझेल-सीएनजीपुरतं अ‍ॅडव्हान्स घेतो आणि उरलेले उतरताना घेतो, आमच्या काकांचं वर्षानुवर्षं हेच.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. सकाळी अकराला दुसऱ्याच नंबरवरून एजंट हजर, आवाज परत तोच मधाळ. "दादा ड्रायव्हरने फार चुकीचं केलं, त्याला आम्ही काढलाय, तुमचे ३४०० रिफंड करतोय." मला इतकं बरं वाटलं की त्याच्याबद्दल रात्री जे बोललो त्याची लाज वाटली. त्याने व्हॉट्सअ‍ॅपला क्यूआर पाठवला, हा स्कॅन करा, ३४०० दिसतील, पिन टाका, पैसे जमा. स्कॅन केला, खरंच ३४०० दिसले, पिनचे दोन आकडे टाकून झाले होते आणि बायकोने मागून मोबाईल हिसकावला. "पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही, हे मी स्वतः बाबांना दहा वेळा शिकवलंय. पूर्वी हेच लोक यूपीआयवर कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागणारी विनंती, पाठवायचे, ती व्यक्ती-व्यक्तीमधली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, तर आता क्यूआर. झोप न झालेला, पैसे गेलेला माणूस रिफंड शब्द ऐकला की मऊ पडतो, त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग १९३० ला फोन केला, सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, आणि सायबर तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकली, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, स्क्रीनशॉट सगळं जोडून. पोच मिळाली, पुढचं पुढे बघू. माझी चूक ही की मी दुपारी केला. फोन रात्री चारलाच करायला हवा होता, कारण समोरच्याने पैसे खात्यातून काढायच्या आत कळवलं तरच ते अडकवता येतात. तेव्हा सकाळी बघू म्हणू नका.

रविवारी त्या पत्त्यावर पण जाऊन आलो, राहवलं नाही. मिक्सर-इस्त्री रिपेअरिंगचं दुकान. दुकानदार माझ्या हातातला मोबाईल बघूनच म्हणाला, "टॅक्सीवाले ना? तुम्ही चौथे भाऊ." त्याला कोणी विचारलेलंच नाही, पत्ता परस्पर टाकलाय. घरी येऊन रिव्ह्यू नीट वाचले तर सगळे पंधरा दिवसांच्या आत टाकलेले, आणि सगळ्यांत तेच ते, ड्रायव्हर नम्र, गाडी स्वच्छ, वेळेवर सेवा. एकानेही कुठून कुठे गेलो हे लिहिलेलं नाही. आपण नाशिककर रिव्ह्यू लिहिला तर घाटातल्या ट्रॅफिकला आणि घोटीच्या चहाला चार शिव्या तरी घालू की नाही!

याची मला आत्ता जास्त काळजी वाटते कारण सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. मुंबईत उतरून नाशिक-त्र्यंबकला येणारी बाहेरगावची माणसं मॅपवरच शोधणार, त्यांना काय माहिती द्वारका कुठे आणि मिक्सरचं दुकान कुठे. तुमचे पाहुणे येणार असतील तर गाडी तुम्ही इथून ओळखीची ठरवून द्या.

काकांना हे सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले, साखरपुडा माझा होता का, भाच्याला पाठवला असता की, एक फोन करायचा. बोलायला तोंडच नव्हतं.

त्या लिस्टिंगला मी एक स्टार दिला, सगळी हकीकत लिहिली, रिपोर्टही केलं. काल बघितलं तर ट्रॅव्हल्सचं नाव बदललंय, इनोव्हाचा फोटो तोच, आणि माझ्या रिव्ह्यूखाली ओनरचं उत्तर आलंय, "आपला प्रवास सुखकर झाल्याचे वाचून आनंद झाला सर, पुन्हा सेवेची संधी द्यावी."