पैशाविषयीच्या इंग्रजी वाक्प्रचारांचा अभ्याससंच

श्रीमंती आणि गरिबीविषयीचे इंग्रजी शब्द शिकवणारा हा अभ्याससंच मी नुकताच पूर्ण केला आणि तो मला मनापासून आवडला. ‘हँड टू माउथ’ जगणे म्हणजे हातावर पोट असणे, हे मराठी भाषकाला लगेच उमगते. पण ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात असणे, हा अर्थ जमाखर्चाच्या वहीत तूट लाल शाईने लिहिण्याच्या प्रथेतून आला, असे कारण समजले की तो वाक्प्रचार कायमचा लक्षात राहतो, आणि हीच या संचाची खरी ताकद आहे. मात्र ‘स्किंट’ हा ब्रिटिश बोलीतला अनौपचारिक शब्द ‘पुअर’चा समानार्थी म्हणून दिला आहे, ते खटकले, तो बहुधा खिसा तात्पुरता रिकामा असल्याचे सांगतो, कायमचे दारिद्र्य नव्हे. उच्चारांचे ध्वनिमुद्रण स्पष्ट आहे.