एक मॉनिटर, दोन कॉम्प्युटर: केव्हीएम स्विच घ्यावा की नाही?

कंपनीचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप एकाच टेबलावर, आणि दोघांत मिळून मॉनिटर, कीबोर्ड, माऊस एकच. घणसोली-ऐरोलीच्या वन बीएचकेत दुसरं टेबल लावायला जागा कुठे असते? अशा वेळी दुकानदार हमखास दोन-पोर्टची एचडीएमआय केव्हीएम डबी पुढे करतो, म्हणजे एका बटणात मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणारी डबी. साधी डबी दीड-दोन हजारांच्या आसपास मिळते, वर ‘फोर-के’ असं ठळक छापलेलं असतं. डबी वाईट नाही, पण बऱ्याच घरांना तिची गरजच नसते.

आधी मॉनिटरच्या मागे बघा. एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, किंवा दोन एचडीएमआय असतील, तर चित्र बदलण्याचं काम मॉनिटर स्वतःच करतो. लॅपटॉप एका इनपुटला आणि डेस्कटॉप दुसऱ्याला जोडायचा. उरतात कीबोर्ड आणि माऊस. त्यांच्यासाठी फक्त यूएसबी स्विच घ्यावा, तो केव्हीएमपेक्षा बराच स्वस्त पडतो. बदलताना दोन बटणं दाबावी लागतात, एक स्विचचं आणि एक मॉनिटरचं, हा त्रास खरा आहे. पण चित्राच्या वाटेत मध्ये काहीच येत नाही आणि मॉनिटरचा पूर्ण रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो हर्ट्झचा आकडा) मिळतो. मॉनिटरच्या मेनूतलं ‘ऑटो इनपुट’ मात्र बंद ठेवा. नाहीतर एक मशीन झोपलं की स्क्रीन आपोआप दुसऱ्यावर उडी मारते.

मॉनिटरला एकच इनपुट असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना एकाच बटणात सगळं हवं असेल, तर केव्हीएम घ्यायला हरकत नाही. पण घेताना खोक्यावरच्या ‘फोर-के’ला भुलू नका, त्यापुढचा हर्ट्झचा आकडा वाचा. एचडीएमआय १.४ च्या डबीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, त्यामुळे फोर-के फक्त ३० हर्ट्झवर चालतं. ३० हर्ट्झवर माऊसचा बाण अडखळत सरकतो आणि एक्सेलची शीट खाली ओढताना डोळे शिणतात. फोर-के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० म्हणजे १८ गिगाबिट लागतात. मॉनिटर साधा फुल एचडी ६० हर्ट्झचा असेल तर १.४ ची डबी पुरते, जादा पैसे घालू नका. केबलची लांबी मोजताना कॉम्प्युटर ते डबी आणि डबी ते मॉनिटर यांची बेरीज धरा. फोर-के ६० ला दोन्ही तुकडे दीड-दीड मीटरचे ठेवले तर सहसा भागतं. स्क्रीन मधूनच क्षणभर काळी होत असेल तर पहिला संशय केबलवर घ्यायचा.

स्वस्त डबीची खरी लंगडी बाजू आहे ईडीआयडी. मॉनिटर आपलं नाव, रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट कॉम्प्युटरला कळवतो, ती ही माहिती. बटण दाबताच स्वस्त डबी मागच्या कॉम्प्युटरशी हा संवादच तोडते. त्याला वाटतं, मॉनिटर काढून घेतला. मग नीट मांडून ठेवलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर गोळा होतात. लॅपटॉपचं झाकण बंद असेल तर तो झोपूनही जातो. आणि डबी लॅपटॉपवर असताना डेस्कटॉप सुरू केला, तर तो कधी कधी १०२४ बाय ७६८ अशा जाड चित्रात उघडतो. तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबले की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बहुतेक वेळा चित्र जागेवर येतं. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे चार्जर जोडलेला असतानासाठी ‘काही करू नका’ निवडा. मुळात ‘ईडीआयडी इम्युलेशन’ (बटण दाबल्यावरही डबी मॉनिटरची माहिती दोन्ही कॉम्प्युटरना देत राहते) असं स्पष्ट लिहिलेली डबी घेतली तर यातलं बरंच टळतं. पैसे वाढवायचे तर या एका गोष्टीसाठी वाढवावेत.

दुसरी अडचण यूएसबीची. अनेक डब्यांत कीबोर्डचं आणि माऊसचं खास पोर्ट असतं, ते चिन्हाने दाखवलेलं असतं. तिथे डबी स्वतः कीबोर्ड वाचते आणि दोन्ही कॉम्प्युटरना कायम एक साधा कीबोर्ड जोडलेला दाखवते. फायदा असा की बदल झटकन होतो आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबूनही मशीन बदलता येतं (कुठे कंट्रोल दोनदा असतं, पत्रक वाचा). तोटा असा की आवाज कमी-जास्त करायच्या किंवा मॅक्रोच्या (एका दाबात ठरवलेली अनेक कामं करणाऱ्या) कळा बंद पडू शकतात, आणि कीबोर्ड-माऊसचा मिळून एकच वायरलेस डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तर त्यातलं एकच काहीतरी चालतं. असा डोंगल बाजूच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. तिथून शॉर्टकट चालणार नाही, बटणच दाबावं लागेल. डबी यूएसबी ३.० ची असेल आणि माऊस अडखळत असेल, तर डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलवर घेऊन डबीपासून लांब ठेवा. यूएसबी ३.० चा गोंगाट डोंगलच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच पडतो.

साध्या पोर्टमधली वस्तू प्रत्येक बदलाला एका मशीनमधून निघून दुसऱ्यात लागते. म्हणून वेबकॅम आणि हेडसेट डबीवर लावू नका, थेट ऑफिसच्या लॅपटॉपला लावा. मीटिंग चालू असताना डेस्कटॉपवर काही बघायला गेलात तर कॅमेरा आणि आवाज दोन्ही तुटतील. पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्कसुद्धा इथे नकोत, फाइल कॉपी होताना बटण दाबलं की डेटा खराब व्हायची भीती असते.

जोडणीला दोन एचडीएमआय केबल आत, एक बाहेर, आणि प्रत्येक कॉम्प्युटरकडून एक यूएसबी लागते. सगळं बंद करूनच जोडा. एका मशीनच्या दोन्ही केबलना एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. एचडीएमआय एक नंबरला आणि यूएसबी दोनला गेली, तर चित्र एकाचं दिसतं आणि टायपिंग दुसऱ्यात होतं. पासवर्ड टाकताना ही गफलत महागात पडते.

साध्या डबीला वीज सहसा यूएसबीतूनच मिळते. दिव्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड असेल तर ती अपुरी पडू शकते. दिवे मंद होतात किंवा एकच अक्षर भराभर उमटत जातं. बाजूला पाच व्होल्टचं पोर्ट असेल तर चांगला अडॅप्टर लावा, तो लेबलवर लिहिलेल्या व्होल्टेजचाच. जुन्या इमारतींत अर्थिंग नीट आहे का तेही तपासून घ्या. डबीमुळे दोन्ही मशीनचे धातूचे भाग एकमेकांना जोडले जातात. डेस्कटॉपच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्याच्या एसएमपीएसमधली (आतल्या पॉवर सप्लायमधली) विजेची गळती लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरही झिणझिण्या देते. अशा वेळी केबल काढघाल करू नये, आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट नीट करून घ्यावं. महावितरणची वीज एखाद्या क्षणासाठी गेली तरी मॉनिटर बंद पडतो, म्हणून मॉनिटरही डेस्कटॉपच्याच यूपीएसवर ठेवा.

नुसता कीबोर्ड-माऊस वाटून घ्यायचा आणि लॅपटॉपची स्क्रीन उघडीच राहणार असेल, तर मायक्रोसॉफ्ट पॉवरटॉइजमधलं ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ फुकट आहे. दोन्हीकडे विंडोज हवं आणि दोन्हीकडे ते टाकता यायला हवं. कंपनीच्या लॅपटॉपवर अशी परवानगी सहसा नसते, आणि केव्हीएम इथेच उजवा ठरतो, कारण त्याला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. तरीही काही कंपन्या ठरावीक यूएसबी उपकरणंच चालू देतात. घेण्याआधी आयटी हेल्पडेस्कला विचारा. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर त्या पोर्टमधून चित्र निघतं का तेही बघा, प्रत्येक टाइप-सीतून निघत नाही.

ठाण्यातून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार. वेळ काढून तिथे जाणार असाल तर आपला लॅपटॉप आणि डोंगल बरोबर न्या. दुकानातच जोडून दहा-पंधरा वेळा बदलून बघा, आणि खिडक्या हलल्या तर दुसरी डबी मागा. ऑनलाइन घेत असाल तर नुसती बदलून नव्हे, पैसे परत मिळण्याची सोय आहे का ते आधी वाचा. ईडीआयडीची अडचण त्या मॉडेलचीच असते, बदलून आलेली डबीही तशीच वागते.