पाण्याच्या फोडावरची हायड्रोकोलॉइड पट्टी: वणीच्या वाटेवर वापरून पाहिलेली

वणीच्या गडावर चैत्रात पायी जाणाऱ्या आमच्या पंचवटीतल्या गटात औषधांची पिशवी माझ्याकडे असते. नोकरीभर सिस्टर होते, त्यामुळे ती जबाबदारी आपसूकच आली. या पिशवीत अलीकडे हायड्रोकोलॉइडच्या, म्हणजे फोडातलं पाणी शोषून घेणाऱ्या चिकट पट्ट्या असतात आणि त्या घेतल्याशिवाय मी आता निघत नाही. चालून आलेल्या पाण्याच्या फोडावर याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात नाही. पण ‘फोडाची पट्टी’ म्हणून ती कुठल्याही फोडावर डकवली, तर त्रास वाढतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंपनीचं नाव देत नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरल्या आणि गुण सारखाच आला. पाकिटावर ‘हायड्रोकोलॉइड’ हा शब्द आहे का, एवढं वाचून घ्या. टाचेला मोठी लंबगोल, बोटांना लहान. कडा पातळ असलेली घ्या, जाड कडेची पट्टी मोज्यात गुंडाळली जाते.

नाशिकहून गड साठेक किलोमीटर. म्हसरूळ मागे पडलं की सगळा डांबरी रस्ता. ढकांबे येईपर्यंत कुणी कुरकुरत नाही, दिंडोरीत चपला-बूट निघाले की मग एकेकाचे पाय दिसतात. टाचेच्या मागे, करंगळीच्या कडेला, चवड्यावर. कुणाचं नुसतं लाल झालेलं, कुणाचं पाणी धरलेलं, कुणाचा फोड टरारून चमकत असलेला. आणि दरवर्षी कुणीतरी पोरगा म्हणतोच, “मावशी, सुईनं फोडून टाका ना, मोकळं होईल.”

फोड फोडायची घाई करू नये. चालताना आतलं हाड पुढे-मागे सरकतं, वरची कातडी मात्र मोज्याला किंवा चपलेला धरून राहते. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. वरचा पापुद्रा हे त्या जागेचं सगळ्यात चांगलं झाकण असतं. तो शाबूत राहिला तर खाली चारपाच दिवसांत नवी कातडी धरते. अगदीच टरारला असेल आणि पाऊल टेकवत नसेल, तर जागा स्वच्छ करून निर्जंतुक सुईनं कडेला बारीक छिद्र करते, पाणी जाऊ देते, पण पापुद्रा ओढून काढत नाही. मग वर पट्टी.

पट्टी लावण्याआधी पाय धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल, क्रीम, हळद काहीही लावू नका, नाहीतर ती चिकटणारच नाही. पट्टी तळहातांत धरून थोडी ऊब द्यायची, मग लावून वरून मिनिटभर दाबून ठेवायची. ऊब मिळाली की डिंक धरतो. लावल्यावर ठणका लगेच कमी होतो, कारण घासणं थांबतं. माझ्याबरोबरच्या एक वहिनी दिंडोरीहून परत फिरायच्या बेतात होत्या. त्या नांदुरीपर्यंत चालल्या आणि घाटही चढल्या.

काही तासांनी पट्टीखाली पांढरट फुगा दिसतो आणि लोक घाबरतात. त्यांना वाटतं पू झाला. पट्टीच्या आतल्या थरात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजसारखे पाणी शोषणारे पदार्थ असतात. फोडातून झिरपलेलं पाणी घेऊन त्यांची जेली होते, तीच पांढरी दिसते. म्हणजे पट्टी आपलं काम करते आहे, काढू नका. मात्र भोवती लाली पसरली, जागा गरम लागली, ठणका वाढत गेला किंवा ताप आला, तर पट्टी काढून डॉक्टरांकडे जायचं.

“जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे” हे मी वॉर्डातही रोज ऐकलं. पण संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात डुकरांवरचा प्रयोग छापला, त्यात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगानं आली. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या जखमांना आम्ही वापरायचो ती चौकोनी ड्रेसिंगही याच हायड्रोकोलॉइडची. चालणाऱ्यांच्या पायापर्यंत ती पोहोचली याचा मला मनापासून आनंद आहे.

आता दुकानाबद्दल. आमच्या भागातल्या एका मेडिकलमध्ये “पायाच्या फोडाला पट्टी द्या” म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलानं कॉर्न कॅप दिली. कॉर्न कॅप असते कुरुपासाठी, भोवरीसाठी. तिच्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते घट्ट कातडी विरघळवतं. कोवळ्या फोडावर ती लावली तर कातडी सोलून निघेल. मी पाकीट वाचलं म्हणून परत केलं, पण सगळेच वाचत नाहीत. त्या मुलावर सगळा दोष टाकणं मला बरोबर वाटत नाही. आपण फोड म्हणतो ते किती गोष्टींना! चालून आलेला फोड, चहा सांडून भाजल्याचा फोड, पू धरलेला फोड, तोंडात आलेले फोड, कांजिण्यांचे फोड. पुटकुळी, पुळी, गळू हे शब्द असूनही बोलताना सगळं फोडावरच येतं. म्हणून दुकानात सरळ सांगा: “चालून पाण्याचा फोड आलाय, हायड्रोकोलॉइड पट्टी द्या.” नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषध बाजारात असं मागितलं की वेळ जात नाही. एखाद्या दुकानात नसली, तर कुठे मिळेल ते तरी सांगतात.

चैत्रात अनवाणी चालणारे पुष्कळ असतात. दुपारी डांबर तापलेलं असतं आणि त्यांच्या तळव्याला येतो तो भाजल्याचा फोड. दिसायला सारखाच, पण त्याला आधी थंड वाहतं पाणी, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. त्यावर मी ही पट्टी लावत नाही, न चिकटणारी जाळी ठेवून सैल बँडेज बांधते आणि दवाखान्यात पाठवते. मधुमेह असलेल्यांना तर कुठलाही फोड असो, आधी डॉक्टर. त्यांच्या पायाला संवेदना कमी असू शकते, पट्टीखाली जखम चिघळली तरी कळत नाही.

एकदा लखमापूर फाट्यावर एका गृहस्थांनी कमरेवरचे फोड दाखवले. पट्ट्यानं घासलं असावं म्हणून त्यांनी पट्टीच मागितली. पाहिलं तर बारीक पाणीदार पुटकुळ्यांचा झुबका, फक्त उजव्या अंगाला, पाठीकडून पोटाकडे ओळीनं गेलेला, आणि फोड दिसण्याच्या आधीपासून तिथे आग होत होती. ती नागीण होती. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूत दबून राहतो आणि पुढे कधीतरी असा उठतो. फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर सगळ्यात चांगला उपयोग होतो, म्हणून त्यांना गाडीत बसवून माघारी पाठवलं. अशा वेळी पट्टी लावून पुढे चालायला लावणं म्हणजे त्या माणसाचं नुकसान.

पट्टीत उणं काय, तेही सांगते. एक म्हणजे किंमत. एका पाकिटात मोजक्याच येतात आणि तेवढ्या पैशांत साध्या पट्ट्यांचा डबा येतो. गटातल्या प्रत्येकाला पुरतील एवढ्या घेणं परवडत नाही, म्हणून ज्याचा फोड खरंच चालू देत नाही त्यालाच मी देते. दुसरं, तळहाताला ती टिकत नाही. माझी जाऊ पिंपळगावकडे द्राक्षबागेत असते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत कात्रीनं अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात, तिथे पट्टी लावून पाहिली, तर घामानं आणि मूठ वळून ती तासाभरात सुटली. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणजे काय, ते छाटणीच्या दिवसांत त्या बायकांकडे पाहून कळतं. मजुरी चालू असताना हात जपायचा कसा? त्यांना हातमोजे द्यायला हवेत, आणि ते बागमालकांनी द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फोड येऊच नये म्हणून पिशवीत स्वस्तातली मायक्रोपोर टेप असते, कागदी, पांढरी. टाच, करंगळी, चवडा, जिथे दरवर्षी घासतं तिथे निघण्याआधीच एकेरी थर गुळगुळीत लावायचा. 2016 साली लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशा कागदी टेपनं फोडांचं प्रमाण 40 टक्क्यांनी कमी झालं. आमच्या गटात टेप लावून निघणाऱ्यांना माझी पिशवी कमी लागते, हे मीही बघते.

श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कुशावर्तात स्नान, वर पाऊस, पायाखाली चिखल. भिजून फुगलेली कातडी लवकर सोलते आणि ओल्या पायावर पट्टीही धरत नाही. बूट घालून जाणार असाल तर सुटे कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, थांबाल तिथे पाय पुसून बदला, आणि पट्टी आडोशाला बसूनच लावा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण किमतीसाठी कापला.

काढताना साध्या पट्टीसारखी खस्सकन वर ओढू नका, पापुद्रा तिच्याबरोबर येईल. आपोआप कडा सुटेपर्यंत राहू द्या, काही दिवस राहिली तरी हरकत नाही, अंघोळही चालते. काढायचीच झाली तर एक कड धरून कातडीला समांतर ताणत न्या, ती रबरासारखी लांबते आणि अलगद सुटते.