भरीत, कळण्याची भाकर आणि शिवराई

जळगावातली ही साधी खानावळ. थंडीत दर रविवारी आम्ही जुन्या नाण्यांचे सात-आठ वेडे इथंच जमायचो. भरीत अस्सल: तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी, वर कच्च्या तेलाची धार. जेवण झालं की हात धुऊन टेबलावर रुमाल पसरायचा. मालकांनी कधी ‘उठा’ म्हटलं नाही!

शिरपूरच्या दादांनी आजीच्या डब्यातली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, आणली होती. भिंगाखाली ‘श्री राजा शिव’ दिसलं अन् माझा श्वासच अडकला. शेतात दहा रुपयांवरचं गुप्तधन निघालं तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हेही मला इथंच वकीलकाकांनी समजावलं.

ट्यूबलाइट मंद आहे. नाणी बघायची असतील तर खिडकीजवळचं टेबल धरा.