ओपन इलेक्टिव्ह : स्थानिक इतिहास (पाचपैकी चार)

मी बी.एस्सी. पहिलं वर्ष, रोज एसटीनं तासगावहून सांगलीला. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. मला खरं तर शेअर बाजाराचा पेपर हवा होता. खिडकीवर नंबर लागेपर्यंत तो फुल्ल. "इतिहास उरलाय, टाकू का?" क्लार्ककाका म्हणाले. टाका म्हटलं, रडत रडत.

दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. पहिले चार तास साधनं, पुरावे, व्याख्या. झोप. मग मॅडमनी मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे काढले : १८४३, सांगली, 'सीता स्वयंवर'. आणि एका शनिवारी सगळ्यांना सांगलीजवळच्या हरिपूरला नेलं, हळदीची पेवं दाखवायला.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट ऐसपैस. एक आजोबा सांगत होते, उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. मी पटकन बोलले, "खाली प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड साठलेला!" केमिस्ट्रीच्या वर्गात मी कधी तोंड उघडलेलं नाही. येताना कृष्णा-वारणेच्या संगमावर भडंग खाल्लं, ते वेगळंच.

एक गुण कापला तो वेळापत्रकासाठी. तास शेवटचा, साडेचारची गाडी हमखास चुकते. नोट्सच्या झेरॉक्सही पुसट. घेणार असाल तर आधी सीनियरना विचारा, प्रकल्प लिहायचा आहे की नुसती परीक्षा. आम्हाला प्रकल्प होता. माझा विषय अर्थात पेवच.