नऊ महिने काटा आणि चुंबक वापरून: स्लॅबमधलं ‘ऑफ मेटल’ नाणं खरं की खोटं?

गेल्या श्रावणात दोन वस्तू घेतल्या. एक खिशात मावणारा डिजिटल वजनकाटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि एक निओडिमियम चुंबक, बोटाच्या पेराएवढं. काट्याला साडेसातशे मोजले, चुंबकाला साठ. नऊ महिने दोन्ही वापरल्यावर सांगतो, साठ रुपयांनी साडेसातशेला बऱ्याचदा गप्प बसवलं. पण ज्या एका नाण्यानं माझी झोप उडवली होती, त्याचा निकाल दोघांनी मिळून लावला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी एसटीत वाहक होतो. सव्वीस वर्षं चिल्लर मोजली, त्यातूनच नाद लागला. हातात नाणं आलं की वजनातला फरक बोटांना कळायचा. पण स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून ज्या पक्क्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत घालते त्यात, बंद झालेलं नाणं बोटांना लागतच नाही. वाजवून बघता येत नाही, कड दिसत नाही, थेट तोलता येत नाही. उरतं ते लेबल. आणि लेबल म्हणजे कुणीतरी दिलेलं मतच.

माझं प्रकरण असं. पुण्यात एका प्रदर्शनात २००९ चं पाच रुपयांचं नाणं घेतलं. साधं असतं ते पिवळं, निकेल-ब्रासचं. हे पांढरं होतं. स्लॅबवर ‘ऑफ मेटल, कॉपर-निकेल’ असं छापलेलं, म्हणजे नेहमीच्या धातूऐवजी चुकून कप्रोनिकेलवर (तांबं-निकेलच्या मिश्रधातूवर) पडलेलं, आणि ग्रेड, म्हणजे नाण्याच्या स्थितीचा दर्जा, चांगली. किंमत सांगत नाही, घरात अजून माहीत नाही. ग्रेडिंग करणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं नावही घेत नाही.

आता पाच रुपयांच्या नाण्याची गंमत बघा. १९९२ पासून जाडजूड कप्रोनिकेलचं, ९ ग्रॅम. मग २००७ च्या सुमारास ते स्टेनलेस स्टीलचं झालं, ६ ग्रॅम. आणि २००९ पासून पितळी, तेही ६ ग्रॅम. व्यास मात्र तिन्हींचा २३ मिलिमीटरच. धातू बदलतो तेव्हा टाकसाळीत जुन्या कोऱ्या चकत्या एखाद्या पेटीत, एखाद्या कोपऱ्यात राहून जाऊ शकतात आणि नव्या ठशाखाली येऊ शकतात. खरी ‘ऑफ मेटल’ नाणी अशीच जन्माला येतात. व्यास एकच असल्यामुळं छाप कुठं कापली जात नाही, कड नीट बसते, म्हणजे नजरेला रंगाशिवाय पुरावाच मिळत नाही. आणि रंग तर कुणीही चढवतो. पितळी नाण्यावर पांढरा मुलामा देणं हे काही अवघड काम नाही.

म्हणजे पांढऱ्या २००९ ला शक्यता तीन: जुनी कप्रोनिकेलची चकती, जुनी स्टीलची चकती, किंवा मुलामा.

चुंबक दोऱ्याला बांधून लोंबकळत ठेवलं आणि स्लॅब हळूहळू जवळ नेला. नाण्यांत वापरतात ते स्टेनलेस स्टील चुंबकाला धरतं, आणि प्लॅस्टिकची जाडी मध्ये असली तरी हे चुंबक टक्कन ओढलं जातं. घरातल्या १९९२ नंतरच्या एक रुपयावर आधी खात्री करून घेतली होती. माझ्या पाच रुपयावर चुंबक ढिम्म. स्टील बाद.

इथं नवख्यांची एक गल्लत होते. ‘निकेल’ शब्द ऐकून वाटतं, चुंबक धरेल. शुद्ध निकेलची नाणी धरतात, १९४७ चा वाघाचा रुपया घ्या नाहीतर १९५० चा. पण कप्रोनिकेलमध्ये तीन भाग तांबं आणि एकच भाग निकेल. ते अजिबात धरत नाही. म्हणजे लेबलवाल्याचं म्हणणं अजून उभंच होतं.

मग काटा. स्लॅब नाण्यापेक्षा पाच-सहापट वजनाचा, अगदी नाकापेक्षा मोती जड. पण त्याच कंपनीचे आणखी चार स्लॅब मित्रांकडून मागून आणले. चारही तोलले, आत कोणतं नाणं आहे त्याचं ठरलेलं वजन वजा केलं, आणि रिकाम्या डबीचं वजन काढलं. चारांत मिळून फरक ०.४ ग्रॅमच्या आत होता. आतल्या फोमच्या कड्याचं भोक लहानमोठं, लेबलचा कागद, चिकटवण, यात एवढं इकडंतिकडं व्हायचंच. माझ्या स्लॅबमधून ती डबी वजा केली तर नाणं साधारण ६ ग्रॅमचं निघालं.

कप्रोनिकेलच्या जुन्या चकतीचं असतं तर ९ असायला हवं होतं. डब्यांत अर्ध्या ग्रॅमची घोळ असू शकते, तीन ग्रॅमची नाही. चुंबकानं स्टील काढून टाकलं, काट्यानं जुनं कप्रोनिकेल. उरलं पितळच, वरून पांढरं केलेलं.

तरी मनात पाल चुकचुकत होती, म्हणून ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्याच्याकडं सोनं तपासायचं एक्सआरएफ मशीन आहे, क्ष-किरण टाकून धातू ओळखणारं. तो म्हणाला, ‘काका, ही सोन्याची सेटिंग आहे, नाण्याला चालेल का बघतो.’ प्लॅस्टिकमधून किरण अर्धेअधिक अडतात, शिवाय मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळं टक्केवारीवर आम्ही दोघांनीही विश्वास ठेवला नाही. पण जस्त आलं का, एवढंच मला बघायचं होतं. आलं, ठसठशीत. नाण्याच्या कप्रोनिकेलमध्ये फक्त तांबं आणि निकेल असतं, जस्त घातलेलं नसतं. पितळात जस्त असतंच.

विक्रेत्याला फोन केला. ‘लेबल बघा ना साहेब, आम्ही काय करणार?’ हे त्याचं उत्तर. दोन महिने लागले, पण शेवटी त्यानं नाणं परत घेतलं, थोडी रक्कम कापून.

दुसरा अनुभव चांगला. भाच्यानं दोन रुपयांचं एक नाणं स्लॅबमधलंच घेतलं होतं, ‘एक रुपयाच्या चकतीवर’ असं लेबल. जुना दोन रुपया कप्रोनिकेलचा, ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर, अकरा बाजूंचा. तेव्हाचा एक रुपया स्टीलचा, ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. चुंबक लगेच धावलं. वजनात साधारण सव्वा ग्रॅमची तूट दिसली. आणि भिंगातून बघितलं तर कडेपर्यंत छाप पोचलीच नव्हती, कोपरे बोथट. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला. हे नाणं मी डोळे मिटून खरं म्हणेन. नामांकित कंपन्या अशा एररच्या, म्हणजे टाकसाळीत चुकून बनलेल्या नाण्यांच्या, लेबलवर बऱ्याचदा ग्रॅममधलं वजनही छापतात. ते असेल तर निम्मं काम झालेलं असतं. माझ्या पाच रुपयावर ते नव्हतं, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

एक सूचना. २००६-०७ च्या सुमारास काही स्मारक पाच रुपये टाकसाळीनं स्वतःच कप्रोनिकेल आणि स्टील अशा दोन्ही धातूंत पाडले. तिथं चुंबक धरलं म्हणून नाचू नका, ती एरर नाही. आधी त्या वर्षी, त्या नाण्याला कोणते धातू होते हे पुस्तकात बघा, मगच चुंबक काढा.

अमेरिकेची नाणी जमवणारा एक मित्र माझ्या चुंबकप्रेमाला हसतो. त्यांच्याकडं १९४३ चा सेंट युद्धामुळं जस्त चढवलेल्या पोलादाचा, २.७० ग्रॅम. चुकून तांब्याच्या चकतीवर निघाले ते ३.११ ग्रॅमचे, आणि त्यांना लाखोंची किंमत. त्यामुळं पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन विकणारे भरपूर. तिथं चुंबक लावलं की सोंग उघडं पडतं. पण १९८२ चा सेंट तांब्याचाही आहे आणि जस्ताचाही, ३.११ आणि २.५ ग्रॅम. दोन्ही चुंबकाला धरत नाहीत, तिथं काटाच बोलतो. तोही नाणं सुटं असेल तर. सहा दशांश ग्रॅमचा फरक स्लॅबमध्ये असताना बघायला गेलात तर डबीच्या वजनातच बुडून जाईल.

आता काट्याच्या तक्रारी. पहिले तीन महिने झकास चालला. पावसाळ्याच्या शेवटी आकडा सरकायला लागला, रिकामा असताना ०.०२, ०.०३ दाखवायचा. पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा थरथरतो, दारं-खिडक्या लावूनच तोलावं लागतं. सोबत दिलेलं ५० ग्रॅमचं वजन महिन्यातून एकदा ठेवून काटा जुळवून घेतो, ते केलं की ठीक. तीस सेकंदांत आपोआप बंद होतो, ही खोड मात्र डोक्यात जाते. डबी ठेवावी, चष्मा लावावा, तोवर पडदा काळा.

पाण्यात तोलून घनता काढण्यासाठी मात्र हा काटा घेऊ नका. सुट्या नाण्यावर मी करून बघितलं. ६ ग्रॅमचं पितळी नाणं साधारण ०.७१ ग्रॅम पाणी हटवतं, तेवढ्याच वजनाचं कप्रोनिकेलचं असेल तर ०.६७. फरक जेमतेम तीन-चार शतांश, आणि याचा आकडा तेवढा तर नुसता पंख्यानं हलतो. त्यासाठी ०.००१ चा, काचेच्या झाकणाचा काटा लागतो. तो मी अजून घेतलेला नाही. ६०० रुपयांत ‘तीन दशांशांचा’ म्हणून जे मिळतात, त्यातला एक मित्राकडं बघितला, तो माझ्यापेक्षाही चंचल आहे.

चुंबकाबद्दल तक्रार एकच. ते किल्ल्यांच्या जुडग्याला लावून ठेवलं होतं आणि बायकोच्या शिलाईच्या डब्याजवळ गेलं. सगळ्या सुया त्याला चिकटल्या. तेव्हापासून ते काड्यापेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर असतं.