पॉवर प्रेसवर अंगठा गेला: मालकाशी तडजोड, ईएसआय की कामगार न्यायालय?

चाकण-भोसरीकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली हात सापडला की बऱ्याचदा मालक खाजगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो आणि टाके निघायच्या आत स्टॅम्प पेपर पुढे करतो. त्यावर सही करण्याआधी पगाराची स्लिप काढा.

स्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात दिसली तर भरपाई ईएसआयकडूनच मिळते, त्यासाठी मालकावर वेगळा दावा चालत नाही. कारखाना ईएसआयखाली येत असेल आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर मालकाने नोंदणी केली नाही म्हणून हक्क बुडत नाही. कामाचा पहिला दिवस असला तरीही नाही.

ईएसआय लागू नसेल तर वाट कामगार न्यायालयाची. 1923 चा भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण हिशेबाची मूळ पद्धत तीच आहे.

समजा वय 30, पगार 12,000 आणि उजवा अंगठा गेला. अंगठ्याचं नुकसान 30 टक्के धरतात. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200, त्याला कायद्याच्या तक्त्यातला तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98, आणि येणाऱ्या रकमेचे 30 टक्के: सुमारे 4 लाख 49 हजार, एकरकमी. ईएसआयमध्ये त्याच अंगठ्याचे महिन्याला साधारण 3,240 रुपये, पण आयुष्यभर. साडेअकरा वर्षांत दोन्ही रकमा बरोबरीला येतात. तरुण कामगाराला ईएसआयच जास्त देतं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात ते वेगळेच.

न्यायालयात वेळ जातो, हे खरं. पण महिनाभरात पैसे न देणाऱ्या मालकावर 12 टक्के व्याज बसतं, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. ठेकेदाराचा माणूस असलात तरी मूळ कारखान्यावर दावा करता येतो.

आता तडजोड. पन्नास हजार घेऊन ‘पुढे काही मागणार नाही’ असं लिहून दिलं, तरी हक्क सोडल्याचा तसा करार कायदा मानत नाही. तडजोड करायचीच असेल तर ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे (पूर्वीचे भरपाई आयुक्त) नोंदवून घ्या. आधीच सही करून बसला असाल, तरी वकिलाला किंवा युनियनला कागद दाखवा.

दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर ‘कामावर मशीनमध्ये’ असंच लिहून घ्या, ‘घरी पडून’ नव्हे. मालकावरच्या दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे.